जुगाराला इस्त्री

ऐकलं का? अंजनगाव सुर्जीची पाच-सहा मंडळी गोव्याला जाऊन कॅसिनो खेळून आली! पानठेल्यावर सध्या दुसरा विषय नाही. संत्र्याचे भाव मागे पडले, पानपिंपळीची मर मागे पडली.

आणि लोक बोलतात ते जुगाराबद्दल नाही बरं का. जुगाराचं कोणाला काय! पोळा आला की वऱ्हाडात कोणत्या गोठ्यात पत्ते पडत नाहीत? बोलण्यासारखी गोष्ट ही, की ही माणसं तिथे शिस्तीत वागली. रांगेत उभी राहिली, रांगेत! एसटीच्या खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरणारे आपले वीर पणजीला मांडवीच्या धक्क्यावर, कॅसिनोच्या जहाजापर्यंत नेणाऱ्या होडीसाठी एकामागे एक उभे होते म्हणे. फोटो आहे. धक्क्यावरचा, आत खेळाच्या टेबलांचा फोटो काढू देत नाहीत.

संत्र्याच्या बागेचा इसार हातात पडला आणि अकोल्याहून मडगावची गाडी धरली. घरी सांगितलं देवदर्शन. शांतादुर्गेला खरंच जाऊन आले, प्रसाद आणला. देवीपुढे काय मागितलं, ते मात्र कोणी सांगत नाही. फुटलं ते बुटांवरून. कॅसिनोत अर्ध्या चड्डीला, बिनबाह्यांच्या बनियनला आणि चपलेला मज्जाव. पोरीच्या लग्नातही कोल्हापुरी न सोडलेल्या एका काकाजींनी त्यापायी पणजीत काळे बूट घेतले, आणि पिशवी उपसताना ते काकूंच्या हाती लागले. “मायबाई! लग्नात बूट घातले नाई, अन् जुगाराले घातले!” ही आरोळी पार वेशीपर्यंत ऐकू गेली.

दारावर ओळखपत्र दाखवायचं, वय २१ पूर्ण हवं. अख्ख्या डोक्याचे केस पिकलेल्या माणसाला वयाचा पुरावा मागितला, यात आमच्या लोकांना अपमानापेक्षा आनंदच जास्त झाला. खर्ऱ्याची पुडी मात्र तपासणीतच बाहेर राहिली. सहा तास खर्ऱ्याशिवाय! बायकोने वीस वर्षं सांगून जमलं नाही ते.

आतले कायदे तर विचारूच नका. पैसे पत्ते वाटणाऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. तो नोटा कॅमेऱ्याला दिसतील अशा पसरतो, मोजतो आणि मग चिपा सरकवतो. रूलेटवर त्याने हात फिरवून ‘नो मोर बेट्स’ म्हटलं की आपल्याच चिपेला आपण बोट लावायचं नाही. ब्लॅकजॅकला तोंडाने सांगून भागत नाही. पत्ता हवा तर बोटाने टेबल ठोकायचं, नको तर तळहात आडवा हलवायचा. इशारा वरच्या कॅमेऱ्यासाठी, उद्या वाद झाला तर बघता यावा म्हणून. वाटणारा टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटसुलट दाखवून जातो, काही लपवलेलं नाही म्हणून. आमच्याकडे वाटणारा असा मधेच उठला तर धाड आली समजून बाकीचे तुरीत पळतात.

आणि एवढा थाट कशासाठी? त्याच टेबलांच्या रांगेत तीन पत्ती आणि अंदर-बाहरही आहे! गोठ्यात खेळलं की मुंबईचा १८८७चा जुगारबंदी कायदा, पंचनामा, पेपरात ‘रोख रकमेसह मुद्देमाल जप्त’. जहाजावर खेळलं की ‘वेलकम सर’. गोव्याने १९७६च्या आपल्या कायद्यात १९९२ला पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ला जहाजांसाठी वाट काढली. गंमत म्हणजे १९७६लाच महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही, आणि २०२३ला रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं मुलगी दाखवायची आणि मग म्हणायचं, आम्हाला लग्नच करायचं नव्हतं.

गोवेकर आणखी हुशार. १ फेब्रुवारी २०२०पासून खुद्द गोव्याच्या माणसाला तिथे खेळायला बंदी. नेपाळातही नेपाळ्याला बंदी, मोनॅकोतही मोनॅकोच्या नागरिकाला बंदी. घरच्यांना जपायचं आणि वऱ्हाडातल्यांना पायघड्या! आमच्या मंडळींनी हा मान समजून घेतला.

हरले किती? इथे गाव हळू आवाजात बोलतं. रूलेटला घरं ३७ आणि एका घरावर लावून जिंकलं तर मिळतात ३५ पट. मधली फट जहाजाची. वर सरकारचा वाटा: जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५पासून ४० झाला. तिकिटासोबतच्या काही चिपा नुसत्या खेळायच्या असतात, खिडकीवर त्यांचे पैसे मिळत नाहीत. तसली एक चिप एकाच्या खिशात घरापर्यंत आली. पोरगा सध्या तिला कॅरमचा स्ट्रायकर म्हणून वापरतो. वसुली म्हणाल तर एवढीच.

तसा हरण्याचा अनुभव या गावाला नवा नाही. ३० डिसेंबर १८०३ला दौलतराव शिंद्यांनी दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला इंग्रजांना लिहून दिला तो इथल्याच तहात, आणि त्या तहाला नाव आपल्या गावाचं. त्याच्याही आधी विदर्भाचा जावई नळराजा भावाशी फासे खेळून राज्य घालवून बसला. पण दमयंती आपली लेक, पक्की वऱ्हाडी. नवरा थांबत नाही हे दिसताच तिने दोन्ही लेकरं रथात घालून माहेरी कुंडिनपूरला धाडून दिली. काकूंनी ही गोष्ट काकाजींना सध्या दिवसातून दोनदा ऐकवायची असा नेम धरला आहे.

बरं, काकूंच्याच भिशीत परवा चौकशी निघाली, साडी चालते का म्हणून. चालते म्हणे. जेवण, गाणं-नाच तिकिटातच येतं म्हटल्यावर दोघीतिघींनी दिवाळीनंतरच्या तारखाही विचारल्या. कळस पाहा! आता बोलायचं तरी कोणाबद्दल?

गोव्याचं वळण मात्र अंगात मुरलंय. परवा धुऱ्यावरच्या बैठकीत त्यातल्याच एकाने पत्ते पिसणाऱ्याला दोन्ही तळहात दाखवायला सांगितले. त्याने एकच दाखवला, तोही सांगणाऱ्याच्या कानाखाली.