डाव तुटतो कोठे? एक कौटुंबिक मीमांसा

तीर्थरूप तात्या व तीर्थरूप सौ. आई यांच्या सेवेशी, मुक्काम वस्ती, लोणी-कोल्हार रस्ता, तालुका राहाता, जिल्हा अहिल्यानगर.

स्लाव, इंग्लंड येथून चिरंजीव, सूनबाई व नात यांचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील मंडळी खुशाल आहेत, तिकडील खुशाली कळवावी. मात्र प्रस्तुत पत्राचा विषय खुशाली हा नसून, दर रविवारी तात्या व नात यांच्यात ऑनलाइन खेळला जाणारा बुद्धिबळाचा दहा मिनिटांचा डाव मध्येच का तुटतो, हा आहे. या प्रश्नावरून उभय पक्षांत आलेली कटुता फोनवर बोलून निवळत नाही, कारण व्हिडिओ कॉलही त्याच जोडणीवरून चालतो आणि मुद्द्याचे वाक्य आले की नेमका तोही तुटतो. म्हणून हे निवेदन रीतसर कागदावर आणि शक्य तितक्या निःपक्षपणे मांडण्याचे ठरले.

ऑनलाइन बुद्धिबळात दोन खेळाडू एकमेकांशी जोडलेले नसतात. दोघेही सर्व्हर नावाच्या तिसऱ्या संगणकाशी जोडलेले असतात आणि पट, सोंगट्या व मुख्य म्हणजे घड्याळ त्या सर्व्हरच्या ताब्यात असते. ज्याची चाल आहे त्याची जोडणी सुटली तरी त्याचे घड्याळ चालूच राहते, त्यामुळे पटावर सुस्थितीत असलेला खेळाडूही वेळ संपून हरू शकतो, आणि तात्यांच्या तक्रारीचा गाभा हाच आहे. नातीच्या तक्रारीचा गाभा असा की तात्यांची जोडणी बहुधा त्यांचा वजीर अडचणीत आल्यावरच सुटते, आणि मग तो डाव ‘झालाच नाही’ असे धरण्याचा आग्रह वस्तीवरून सुरू होतो.

या आग्रहासाठी तात्यांनी जो पूर्वदाखला दिला आहे तो वजनदार आहे, हे इकडील मंडळी मोकळेपणाने मान्य करतात. 2020 साली कोरोनामुळे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, म्हणजे फिडेने, ऑलिंपियाड ऑनलाइन भरविले आणि 30 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात भारत व रशिया समोरासमोर आले. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी सुटून दोघांचेही घड्याळ संपले आणि भारत हरल्याचे दिसू लागले. त्या दिवशी इंटरनेटच्या जाळ्यातच अनेक देशांना जाणवलेला मोठा बिघाड झाला होता. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्काडी ड्वोरकोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. भारताचा कर्णधार विदित गुजराथी हा नाशिकचा, म्हणजे तात्यांच्या हिशेबाने बांधाला बांध लागून असलेला, त्यामुळे या निकालावर वस्तीचा काही अंशी वारसाहक्क आहे, असेही त्यांनी सूचित केले आहे. तेव्हा चौदा वर्षांची असलेली दिव्या 2025 च्या जुलैमध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. जोडणी सुटणे हे प्रतिभेचे पूर्वलक्षण असल्याचा तात्यांचा निष्कर्ष मात्र एवढ्या आधारावर टिकत नाही.

नातीने त्याच स्पर्धेतील दुसरा दाखला पुढे केला आहे. उपांत्यपूर्व सामन्यात भारताविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यान याची जोडणी निहाल सरीनविरुद्धच्या डावात सुटली, आर्मेनियाने दाद मागितली, ती फेटाळली गेली आणि आर्मेनियाने निषेध म्हणून स्पर्धेतून अंग काढून घेतले. तत्त्व असे की स्वतःची जोडणी नीट राखण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. तेव्हा प्रत्येक तुटलेल्या डावाबाबत ठरवावयाचे ते एवढेच, की बिघाड जगाच्या जाळ्यात होता की तात्यांच्या पडवीत. पहिल्या प्रकारास भारतीय व दुसऱ्यास आर्मेनियन अशी नावे देऊन नातीने वही घातली असून, निर्णय मान्य न झाल्यास 1932 पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळापुढे प्रकरण नेण्याची धमकीही तिने दिली आहे. मंडळाला अन्य कामे आहेत, अशी तिची समजूत घालण्यात आली.

तात्यांनी सर्व दोष तांबड्या समुद्रावर टाकला आहे. हा युक्तिवाद निराधार नाही, कारण 2025 च्या सप्टेंबरात जेद्दाहजवळ समुद्रतळावरील केबल तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले, हे खरे. परंतु अशा वेळी माहिती लांबच्या वाटेने वळविली जाते, त्यामुळे विलंब वाढतो. एकाच घरातील एकच फोन वजीर धोक्यात येताच अडीच मिनिटे नाहीसा होत नाही. विलंबाचेही गणित स्वच्छ आहे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो आणि राहाता तालुका ते लंडन हे सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन येऊन 72 मिलिसेकंद कोणाच्याही बापाला चुकत नाहीत, आणि वाट समुद्रातून वळसे घेत जाते म्हणून प्रत्यक्षात ते सव्वाशेच्या पुढे जातात. बंदुकांच्या खेळात एवढ्यात माणूस मरतो, पण बुद्धिबळात एक चाल काही अक्षरांत मावते आणि सेकंदाच्या आठव्या हिश्श्याने कोणाचा घोडा लंगडत नाही.

म्हणून तपास घरापासून सुरू करावा लागला, आणि न्यायाच्या दृष्टीने आधी स्लावच्या. तपासाचे साधन ‘पिंग’ हे होते, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला हाक मारणे आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागतो ते मोजणे. प्रथम घरातल्या राउटरला हाक मारायची, मग बाहेरच्या सर्व्हरला. राउटरने ओ दिली आणि बाहेरून आली नाही तर दोष बाहेरचा, राउटरच गप्प बसला तर दोष घरच्या वायफायचा. स्लावमध्ये रविवारी दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे वस्तीवर हिवाळ्यात साडेसात वाजता, राउटर गप्प बसत असल्याचे आढळले. त्याच वेळी सूनबाई मायक्रोवेव्हमध्ये शनिवारची वांग्याची भाजी गरम करीत असतात. मायक्रोवेव्हच्या लहरी व जुन्या वायफायच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात येतात आणि दारातून झिरपणाऱ्या लहरी वायफायला बोलू देत नाहीत. नातीचा टॅब 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेताच हा दोष गेला. या प्रकारातले डाव नातीने स्वतःच्या खात्यावर आर्मेनियन म्हणून लिहून घेतले, ही गोष्ट तात्यांनी लक्षात घ्यावी.

वस्तीवरील तपास बारावीतील नातवाने केला. पहिली गोष्ट विजेची. शेतातील वस्तीला थ्री फेज वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते आणि फेज बदलताना लाइट क्षणभर जाते. पंखा पुन्हा फिरू लागतो, पण पडवीतील फायबरचा डबा नव्याने सुरू होऊन आपली ओळख पटवून देईपर्यंत दोन-तीन मिनिटे घेतो, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकी वीज गेली तरी दहा मिनिटांच्या डावाचा चतुर्थांश जातो. घरात इन्व्हर्टर आहे, मात्र त्यावर टीव्ही आहे, देव्हाऱ्यातील दिव्यांची माळ आहे, आणि डबा नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक असून तीत तात्यांच्या टापटिपीचा संबंध येतो. डब्याकडे येणारी बारीक काळी तार लोंबते म्हणून तात्यांनी ती कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीसारखी घट्ट वेटोळे घालून गुंडाळली होती. त्या तारेत वीज नसून प्रकाश असतो आणि तंतू फार आवळून वाकविला की प्रकाश वाकणाऱ्या जागीच बाहेर सांडतो. डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश डीबीएम या मापात मोजतात. तो साधारण उणे 8 ते उणे 27 यांच्या दरम्यान असावा लागतो. तात्यांचा आकडा उणे 27 च्या काठावर होता, त्यामुळे डबा कधी चाले, कधी तांबडा दिवा लावून बसे. उणे आकडा पाहून तात्यांनी ‘म्हणजे आपले काही देणे निघते का’ असे विचारल्याचे कळते. देणे निघत नाही. तार हाताच्या पंज्याएवढ्या सैल वर्तुळात सोडताच आकडा उणे 21 वर आला.

तिसरी गोष्ट, गळीत हंगामात रस्त्यावर आडवी गेलेली तीच तार उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉलीने ओढून नेणे. ट्रॉली कोणत्या कारखान्याकडे चालली होती हे या पत्राच्या कक्षेबाहेर आहे. जगाच्या जाळ्यात ऊस मोडत नाही, परंतु तात्यांच्या पडवीतही मोडत नाही, म्हणून बऱ्याच वादानंतर हे डाव भारतीय ठरवून अर्धा-अर्धा गुण देण्यात आला.

याच ओघात सौ. आईंच्या शंकेचे निरसन करणे उचित होईल. एका संकेतस्थळाने तात्यांचे ठिकाण मुंबई दाखविले, याचा अर्थ तात्या न सांगता मुंबईस गेले होते असा होत नाही. इंटरनेटचा पत्ता घराचा नसून सेवा देणाऱ्याचा असतो आणि त्याची नोंद मोठ्या शहरात असते.

एवढे करूनही वहीत एक डाव उरतो. त्या संध्याकाळी वीज अखंड होती, प्रकाश उणे 21 होता, तांबडा दिवा नव्हता, ट्रॉली गेली नव्हती, तांबडा समुद्रही शांत होता. डब्याच्या नोंदवहीत इतकेच दिसते की नातीने वजिरावर उंट रोखताच तात्यांचा फोन वायफाय सोडून गेला आणि डाव संपल्यावर आपण होऊन परत आला. फोनमध्ये विमानाचे चित्र असलेले एक बटण असते, आणि तात्या त्या दिवशी विमानात नव्हते. यापुढील संशोधन यांत्रिक साधनांच्या आवाक्याबाहेर आहे.

तडजोड म्हणून नातीने त्या डावाची स्थिती उतरवून ठेवली असून तो तेथूनच पुढे खेळण्यास ती तयार आहे. चाल तात्यांची आहे. तत्पूर्वी डब्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस राहात्याच्या बाजारातून आणावा, खिळ्यावर पुन्हा कॅलेंडरच लावावे, आणि मार्चअखेरीस इकडील घड्याळे तासभर पुढे जातात म्हणून त्यानंतर डाव वस्तीच्या साडेसहाला मांडावा, म्हणजे सौ. आईंची मालिकाही बुडणार नाही. येणाऱ्या कोणाबरोबर येसर पाठवावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

स्लाव येथील मंडळी