दुसऱ्या पसंतीचा गोडवा

अमेरिकेत निवडणुकीआधी आणखी एक निवडणूक असते, तिला प्रायमरी म्हणतात. तीत पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. त्यामुळे एकाच पक्षातल्या मंडळींना आधी एकमेकांची लक्तरे वेशीवर टांगून नंतर एकाच मांडवात मिरवावे लागते. 1980 मध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांना रोनाल्ड रेगन यांच्या अर्थनीतीत जादूटोणा दिसला होता. उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यावर तो दिसेनासा झाला. स्वपक्षीयाची निंदा करू नये, ही ‘अकरावी आज्ञा’ रेगन 1966 पासून पाळत. 1976 मध्ये प्रतिस्पर्धी म्हणून विद्यमान अध्यक्ष फोर्ड समोर आले, तेव्हा मात्र त्यांनी आज्ञेला रजा दिली.

निंदेचा धंदा तोट्याचाही ठरतो. 2004 साली अध्यक्षपदाची डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवण्यासाठी आयोवा राज्यात डीन आणि गेपहार्ट एकमेकांवर तुटून पडले. निकाल लागला तेव्हा केरी 38 टक्के, एडवर्ड्स 32, डीन 18 आणि गेपहार्ट 11. गोड बोलणारे एडवर्ड्स पुढे उपाध्यक्षपदासाठी केरींचे जोडीदार झाले.

न्यूयॉर्क शहराने सौजन्याची सोयच करून ठेवली. 2021 पासून तिथे महापौरपदाच्या प्रायमरीत पाच उमेदवारांना पसंतीक्रम देता येतो. विधान परिषदेच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी वाचकाला दुसऱ्या पसंतीचे मोल वेगळे सांगायला नको. प्रतिस्पर्ध्याला शिव्या घातल्या तर त्याचे समर्थक दुसरी पसंती कशाला देतील? त्या वर्षी अँड्र्यू यांग यांनी कॅथरिन गार्सिया यांच्यासोबत प्रचार केला आणि ‘दुसरी पसंती यांना द्या’ असे सांगितले. गार्सिया हसून शेजारी उभ्या राहिल्या, परतफेड मात्र केली नाही. यांग यांच्या मदतीनंतरही सुमारे सात हजार मतांनी गार्सिया यांची संधी हुकली. बाजी एरिक ॲडम्स यांनी मारली.

2025 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिशेब चोख झाला. झोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्यायला सांगितले. दोघांना जोडणारा धागा एकच: प्रतिस्पर्धी अँड्र्यू कुओमो नकोत. धागा पक्का निघाला. पसंतीक्रमाच्या मोजणीअंती ममदानींना 56 टक्के मते मिळाली.

नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र पसंतीक्रम नसतो, मत एकच. कुओमो अपक्ष म्हणून उभे राहिले. रिपब्लिकन कर्टिस स्लिवा यांनी त्यांच्यासाठी माघार घ्यावी म्हणून बरीच मनधरणी झाली. स्लिवा यांनी ती ऐकली नाही, आणि महापौर ममदानीच झाले.