पाणी पाळणारा माणूस

टाकीवाल्या काकांच्या घरी गेलात तर माशांचं कौतुक करू नका, पाण्याचं करा. ‘मासे काय छान आहेत हो’ म्हणणाऱ्याला चहा मिळतो. ‘पाणी काय नितळ आहे हो’ म्हणणाऱ्याला चहा, चिवडा आणि दीड तासाचं व्याख्यान मिळतं.

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असे एक काका असतातच. बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उजव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडलेली, खिशात चष्म्याशेजारी कागदात गुंडाळलेलं दाढीचं पातं. ते काचेवरचं शेवाळ खरवडायला असतं. काकांच्या स्वतःच्या गालांवर ते आठवड्यातून दोनदाच फिरतं. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये काकूंचा दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख यांच्या मधोमध काकांच्या अक्षरात ‘२५ टक्के’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या रविवारी टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदललं. पाहुण्यांना तो कुठल्यातरी पतपेढीचा व्याजदर वाटतो आणि ते खासगीत चौकशी करतात.

खालच्या मजल्यावरचा मुलगा वाढदिवसाला मिळालेला काचेचा गोल बाऊल घेऊन येतो. त्यात दोन गोल्डफिश, रंगीत खडे आणि एक प्लॅस्टिकचा किल्ला.

“पाणी कधी भरलंस?”

“आज सकाळी.”

“आणि मासे कधी सोडलेस?”

“आज सकाळीच, काका.”

काका डोळे मिटून घेतात. त्यांच्या मते हा गुन्हा अजाणतेपणी घडला असला तरी गुन्हाच. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो, आणि त्याच पाण्यात त्याला श्वास घ्यायचा असतो. पाण्यात एका जातीचे जिवाणू असतात, ते या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशाला बरंचसं सोसतं. या दोन्ही पंगतींना नव्या टाकीत बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामी दिसली तरी ती रिकामी नसते, असं काका सांगतात. मुलगा मान डोलावतो आणि विचारतो, “पण किल्ला ठेवला तर चालेल ना?”

रविवारी सकाळी काकांची प्रयोगशाळा खिडकीत भरते. काचेच्या बोटभर नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात पहिल्या बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ. नळी हलवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी ताडून बघायचा. पिवळा आला तर अमोनिया शून्य, हिरव्याकडे झुकला तर माशांची धडगत नाही. अडचण अशी की येणारा रंग नेहमी या दोहोंच्या मधला येतो. काका नळी कार्डाला चिकटवतात, लांब धरतात, चष्मा काढतात, पुन्हा घालतात.

“अगं, हा पिवळा आहे की पोपटी?”

काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येतात. आयुष्यभर साड्या घेतलेली बाई, एक नजर टाकून निकाल देतात, “लिंबू कलर आहे.” कार्डावर लिंबू कलर नसतो. शेवटी नळी घेऊन काका खाली वॉचमनकडे जातात. तो बिचारा नोकरी टिकावी म्हणून काकांना हवा तो रंग सांगतो.

शेवाळाच्या बाबतीत मात्र काकांना कुणाची साक्ष लागत नाही. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणून मोकळे होतो, त्याची कुंडली ते काचेला नाक लावून मांडतात. नव्या टाकीत येणारा तपकिरी भुकटीचा थर डायटमचा, बोटाने पुसला तरी जातो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपणच ओसरतो. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके पात्याशिवाय हलत नाहीत. पानांच्या कडांना धरणारी काळी दाढी दिसायला काळी, पण कुळाने लाल शेवाळांतली. आणि खड्यांवर निळसर-हिरवी बुळबुळीत चादर पसरून कुबट वास सुटला तर ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर खोटा दाखला पकडलेल्या मामलेदाराचं समाधान असतं.

“शेवाळाला लागतं काय? उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. उजेड आपण बटण दाबून देतो, बाकीचं चिमटीने घालतो. आणि मग विचारतो, हे आलं कुठून?”

म्हणून काकांच्या टाकीचा दिवा टायमरवर आठ तास लागतो आणि बंद होतो. मग घरात पाहुणे असोत नाहीतर क्रिकेटचा सामना. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकंच. हा झाला अधिकृत कार्यक्रम. प्रत्यक्षात देवपूजा आटोपली की काकू चिमूटभर घालतात, शाळेतून आला की नातू घालतो, आणि पोळ्यांच्या बाई ‘माझ्याकडेच बघताहेत’ म्हणून जाता जाता कणकेची गोळी टाकतात. नायट्रेटच्या नळीत रंग लालीवर गेला की काकांची चौकशी समिती बसते.

“तोंड वर करून मागतात हो बिचारे,” काकू म्हणतात.

“अगं, गोल्डफिशला जठरच नसतं. समोर येईल ते खात सुटतो तो.”

“म्हणजे लग्नाच्या पंगतीत तुमच्यासारखाच.”

समिती तिथेच बरखास्त होते.

काकांचं सार्वजनिक जीवनही पाण्याभोवतीच फिरतं. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर शाप, उल्का आणि कलियुग यांचा पाऊस पडला. काकांनी सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला: पाणी आटलं, क्षार वाढले, मिठात रमणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून तसंच सांगितलं. तेव्हापासून काका त्या संस्थेचा उल्लेख ‘आम्ही आणि आघारकरवाले’ असा करतात.

त्यांची खरी कसोटी लागली ती सोसायटीच्या तळ्यावर. माहितीपत्रकात त्याचं नाव ‘लोटस पाँड’ होतं. मे महिन्यात ते पालकाच्या सारासारखं झालं. सभा बोलावली. सेक्रेटरी म्हणाले ब्लीचिंग पावडर टाकू. कुणी तुरटी सुचवली. खजिनदारांनी खर्चाच्या दृष्टीने मासेच काढून टाकावेत असं मत दिलं. काका उठले आणि एकच प्रश्न विचारला, “तळ्यात खायला कोण कोण घालतं?”

पहाटे फिरायला जाणारे सगळेच पाव, शेव, चुरमुरे घालत होते. कारण काय, तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करतात, भुकेले असतात. काकांनी कपाळाला हात लावला. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्रभर माशांसारखंच तेही तो वापरतं. उजाडताना पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे हवेसाठी वर येतात. त्याच वेळी लोक पाव टाकतात, तो कुजतो, उरलासुरला प्राणवायूही खातो आणि शेवाळाला खत मिळतं. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षात पिंड आणि अन्न पडल्यावर मासे मेल्याच्या बातम्या येतात, त्याही काकांनी ऐकवल्या. “पितर तृप्त होत असतील, मासे गुदमरतात.”

सभेने पाटी लावायचा ठराव केला, पंप रात्री चालू ठेवायचा ठरलं, निम्मं पाणी झाकेल इतकी कमळं लावायची ठरली. वीजबिलावर वाद झाला, पण तो वेगळा विषय.

इतक्या ज्ञानी माणसाला गप्प करणारा एकच इसम आहे: काकूंचे इंदापूरकडचे धाकटे भाऊ. त्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत आणि ते पाण्यात मुद्दाम शेण कालवतात. पाणी हिरवं झालं की त्यात सूक्ष्म जीव वाढतात, तेच माशांचं खाणं. कोपरापर्यंत हात बुडवायचा. तळवा अंधुक दिसला तर पाणी बेताचं, अजिबात दिसेनासा झाला तर शेण थांबवायचं. थेंब नाहीत, नळी नाही, कार्ड नाही. मागल्या दिवाळीत ते काकांच्या लखलखत्या टाकीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “दाजी, पाणी उपाशी दिसतंय.”

काका काही बोलले नाहीत. विषय बदलायला त्यांनी दुकानदारांवर तोंडसुख घेतलं: ‘सकर टाका, काच साफ ठेवतो’ म्हणून बोटभर मासा गळ्यात मारतात, तो फूटभर होतो, शेवाळ सोडून इतरांचं खाणं खातो आणि खाल्ल्याच्या हिशेबाने घाण करतो. तेव्हा मेहुण्यांनी पुढची गोष्ट सांगितली. कंटाळलेले लोक तो मासा ‘मोकळा’ सोडून देतात. आता उजनी धरणात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. या मुद्द्यावर दाजी आणि मेहुणे यांचं प्रथमच एकमत झालं.

मेहुण्यांचं पाणी हिरवं, दाजींचं नितळ, आणि दोन्हीकडचे मासे ठणठणीत आहेत, कारण पाण्यात आपण काय आणि किती घालतो याचा हिशेब दोघंही ठेवतात. तेव्हा घरात टाकी असेल तर चिमूट अर्धी करा, दिवा आठ तासांवर आणा, रविवारी पाव हिस्सा पाणी बदला, तेही आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवलेलं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. सकर विकत घेऊ नका. घेतला असेल तर तळ्यात सोडू नका. आणि जिन्यात टाकीवाले काका भेटले तर घाई असली तरी थांबा. दीड तास जाईल, पण मासे वाचतील.