कळफलकाची दीक्षा

मनुष्याने एका जन्मात किती वेळा साक्षर व्हावे, यासंबंधी आपल्या धर्मशास्त्रकारांनी काही मर्यादा घालून ठेवली असती, तर माझ्यासारख्या जमाखर्चाच्या कारकुनावर फार मोठे उपकार झाले असते. पाटीवर गिरवलेली बाराखडी, त्यानंतर इंग्रजी मुळाक्षरे, पुढे पोटासाठी टंकलेखन आणि पोटामागोमाग मद्रासेस येणे घडल्यावर बसच्या पाट्या वाचण्यापुरती तमिळ लिपी, अशा दीक्षा यथासांग घेऊन झाल्यावर उरलेले आयुष्य निरक्षरतेच्या भयावाचून व्यतीत करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त झाला आहे, अशा समजुतीत मी असतानाच आमच्या कंपनीचे फर्मान सुटले की, मार्चअखेरपर्यंत जो इसम ‘डिजिटल साक्षर’ झाल्याचा दाखला सादर करणार नाही, त्याच्या वेतनवाढीचा विचार करण्यात येणार नाही.

आमचा कारखाना अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत असून तेथे मोटारींचे नट, बोल्ट आणि परिपत्रके यांचे विपुल उत्पादन होते. पहिल्या दोन जिनसांना गिऱ्हाईक शोधावे लागते. तिसरा माल जागच्या जागी खपतो. प्रस्तुतचे परिपत्रक मात्र कागदावर न निघता ‘पोर्टल’वर प्रसिद्ध झाले, आणि ते पोर्टल उघडावे कसे हे ज्या वर्गात शिकवले जाणार होते त्या वर्गाची वेळ व जागा त्याच पोर्टलवर दिलेली असल्यामुळे, ज्यांना वर्गाची गरज होती त्यांना त्याचा पत्ता लागेना आणि ज्यांना पत्ता लागला ते वर्गाची गरज नसलेले निघाले. हा पेच अखेरीस कॅन्टीनच्या अण्णाने सोडवला; कारण रोज अकरा वाजता माडीवरच्या खोलीत वीस काफ्या पोचत्या कराव्यात, हा हुकूम त्याला तोंडी मिळालेला होता.

वास्तविक चेन्नईत नवी विद्या शिकण्याची लाज कोणास वाटत नाही. या शहरात दुकानांच्या माड्यांवर अजून टंकलेखनाचे वर्ग सापडतात आणि राज्याच्या तंत्रशिक्षण खात्याच्या ‘लोअर’ व ‘हायर’, म्हणजे मिनिटास ३० आणि ४५ शब्दांच्या, परीक्षांना तरुण मुलेमुली आजही निष्ठेने बसतात. मुंबईच्या गोदरेजने १९५५ साली बनवावयास घेतलेला टाइपरायटर बनण्याचे केव्हाच थांबले तरी त्याच्या परीक्षा थांबल्या नाहीत, आणि सरकारी टंकलेखकाच्या जागेसाठी संगणकावरील ‘ऑफिस ऑटोमेशन’चा दाखलाही लागू लागला तेव्हा लोकांनी एका परीक्षेऐवजी दोन मिळाल्याचे समाधान मानले. तमिळ अक्षरे संगणकाच्या कोणत्या कळीने उमटावीत याचा खल करण्यासाठी येथे १९९९ साली परिषद भरली आणि सरकारने ‘तमिळ ९९’ हा कळफलक प्रमाण म्हणून मान्य केला. आपल्याकडे मात्र इन्स्क्रिप्टवाले, रेमिंग्टनवाले आणि रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे अशी तीन घराणी एकाच कचेरीत नांदतात, आणि एका घराण्याचा मनुष्य रजेवर गेला की त्याच्या यंत्रास दुसरे घराणे स्पर्श करीत नाही. त्यात येथील आयआयटीने २०२० साली सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या पदवीस वयाची वरची मर्यादाच ठेवलेली नाही; त्यामुळे ‘आता या वयात’ हे जे वाक्य, ज्याच्या आधारावर मराठी मध्यमवर्ग आपले उत्तरायुष्य निर्वेधपणे काढतो, ते येथे उच्चारण्याची सोयच उरलेली नाही. साताऱ्यास असताना माझ्या मेहुण्यांनी एमएस-सीआयटी पास होऊन दाखल्यास चौकट केली होती. तेवढ्या पुण्याईवर आमचे कुटुंब आजवर संगणकसाक्षर म्हणवून घेत आले होते.

वर्गात माझ्या शेजारी रायर बसत. तंजावरच्या भोसल्यांच्या आमदानीत दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक. घरात मराठी बोलावे, बाजार तमिळमध्ये करावा आणि तक्रार इंग्रजीत लिहावी, असा त्यांचा कुलाचार आहे. तंजावरी मराठ्यांचे भूषण जे सर टी. माधवराव, त्यांनी पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली, ही गोष्ट रायरांना गौण वाटते. तत्पूर्वी ते मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीस होते, हीच काय ती त्यांच्या मते खरी कमाई. आवकजावकीची बारनिशी हे रायरांचे दैवत असून, क्रमांकावाचून आलेला कागद हा त्यांच्या लेखी कागदच नव्हे.

शिकवावयास तिरुनेलवेलीकडची एक तरतरीत मुलगी येई. तिचे वय आमच्या नोकरीहून कमी होते, परंतु प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘सार’ लावण्याची तिची अदब अशी की, फटकारही बक्षिसासारखा वाटावा. पहिला पाठ सांकेतिक शब्दाचा, म्हणजे पासवर्डाचा. कंपनीचा नियम असा की, दर तीन महिन्यांनी तो बदलावा आणि जुना पुन्हा वापरू नये. त्यामुळे भंडारातील एका भाविक गृहस्थाने मुरुगनाच्या सहा क्षेत्रांची नावे क्रमाने वापरून संपवली आणि सातव्या खेपेस कोणत्या दैवतास शरण जावे या चिंतेत तो पडला. विशेष हे की, अक्षर, अंक आणि चिन्ह यांचा काला करावा व तो वरचेवर बदलावा, या मंत्राचा प्रसार ज्या अमेरिकन सरकारी पुस्तिकेने २००३ साली केला, तिचे कर्ते बिल बर यांनी २०१७ साली त्या सल्ल्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी ती पुस्तिका काढणाऱ्या संस्थेने, कारण नसता पासवर्ड बदलावयास लावू नये, असे नवे मार्गदर्शन काढले. ही वार्ता अंबत्तूरास अद्याप पोचलेली नाही. सातासमुद्रापलीकडचे प्रायश्चित्त येथे येईपर्यंत आमच्या भाविकास बहुधा तेहेतीस कोटींचा आधार घ्यावा लागेल.

दुसरा पाठ कागद ठेवण्याचा. या पाठात वयोमानाची सगळी उतरंड उलटली. नव्याने रुजू झालेली पदवीधर मुले, ज्यांच्या अंगठ्यांना क्षणभराची विश्रांती नसते, त्यांना ‘तुमची फाइल कोठे आहे?’ असे विचारताच ती ‘फोनमध्ये’ एवढेच उत्तर देत, जणू चेन्नईत राहणाऱ्या मनुष्याने आपला पत्ता ‘पृथ्वी’ असा सांगावा. एकाच दरपत्रकाच्या ‘शेवटचे’, ‘खरे शेवटचे’, ‘शेवटचे नवीन’ आणि ‘हेच वापरा’ अशा चार प्रती निघाल्या, व त्यांतील कोणती प्रत गिऱ्हाइकास गेली हे फक्त गिऱ्हाइकास ठाऊक होते. याउलट रायरांनी डबल-क्लिक साधण्यास बराच काळ घेतला. परंतु तो साधताच त्यांनी वर्ष, महिना, खाते, पक्षकार आणि अनुक्रम अशा उतरंडीने आपले दप्तर यंत्रात असे लावले की, त्यांच्या गैरहजेरीत परका मनुष्यही हवा तो कागद काढू शकला. ती मुलगी थक्क होऊन म्हणाली, ‘सार, हे आम्हांला शेवटच्या पाठात शिकवायचे होते.’ रायर म्हणाले, ‘अम्मा, आम्ही पहिल्या पगारात शिकलो.’

परंतु रायरांचे खरे तेज प्रकट झाले ते फसव्या पत्रांच्या परीक्षेत. कर्मचारी सावध आहेत किंवा कसे, हे अजमावण्यासाठी संगणक खात्याने खुद्द व्यवस्थापकीय संचालकांच्या नावाने एक बनावट ईमेल धाडली: मी महत्त्वाच्या बैठकीत आहे, फोन करू नये, सोबतच्या दुव्यावरून भेटकार्डे तातडीने विकत घ्यावीत. ही थट्टा निव्वळ कल्पनेतली नव्हे. पत्रव्यवहारात शिरून कंपन्यांना नाडण्याच्या अशाच प्रकारांत २०२३ या एका वर्षी सुमारे २९० कोटी डॉलर बुडाल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे नोंदल्या गेल्या. आमच्या कचेरीत खरेदी खात्याच्या मुख्यांनी, धन्याचा शब्द खाली पडू नये म्हणून, ताबडतोब दुवा दाबला. रायरांनी तीच ईमेल छापून घेतली, तीवर ‘जावक क्रमांक नाही, मंजुरीचा आधार नाही, घाईचे कारण नमूद नाही’ असा शेरा मारला आणि ती संचालकांच्या टेबलावर रुजू केली.

येथवर सारे यथायोग्य झाले. पुढल्या आठवड्यात संचालकांची खरीखुरी ईमेल आली, तिचीही रायरांनी तीच गत केली. त्यानंतर संगणक खात्याने परीक्षेचा निकाल पाहण्यासाठी एक दुवा पाठवला. तो एव्हाना शहाण्या झालेल्या कचेरीत कोणीही उघडला नाही. निकाल अखेर कॅन्टीनच्या भिंतीवर कागद चिकटवून जाहीर करावा लागला, आणि त्यात रायरांचा पहिला नंबर होता.

या यशाचे श्रेय रायरांनी आपल्या पूर्वजांकडे वळवले, आणि ते मला पटले. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब उठे, ते अशासाठी की, त्याखाली कोणा अतिउत्साही लेखकास चार ओळी वाढवता येऊ नयेत. हल्लीची डिजिटल स्वाक्षरी गणिताच्या बळावर तेच करते: मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ती मोडते. यंत्र नवे असले तरी, पत्र खरोखर धन्याचेच आहे काय, त्यात मागाहून कोणी हात घातला आहे काय आणि ते मानण्याचा अधिकार मला आहे काय, हे कारकुनाचे तीन प्रश्न जुनेच आहेत. ते ज्याला पडतात त्याला उरलेले शिकवता येते. ज्याला पडत नाहीत त्याच्या हाती अधिक वेगवान यंत्र देणे म्हणजे त्याच्या गफलतीस वाहनभत्ता मंजूर करण्यासारखे आहे.

प्रतींच्या पाठात मात्र गुरू आणि शिष्य यांच्यात मतभेद झाला. कोणत्याही महत्त्वाच्या दस्तऐवजाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी परगावी असावी, हा त्या मुलीने सांगितलेला नियम ऐकून रायरांनी तंजावरचा दाखला दिला. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवला. त्याला वीज लागत नाही, वर्गणी लागत नाही आणि दोन शतके उलटूनही तो उघडतो. ‘पण सार, त्यात दुरुस्ती कशी करायची?’ असे तिने विचारले. दुरुस्ती करता येत नाही म्हणूनच आधी विचार करावा लागतो, असे रायरांचे म्हणणे पडले. त्यावर मी हळूच सरस्वती महालातील मोडी कागदांची आठवण दिली. कागद शाबूत आहेत, रुमाल बांधलेले आहेत; वाचणारी माणसे तेवढी विरळ झाली. तेव्हा प्रती कितीही ठेवा, वाचणारा टिकवला नाही तर सगळे जतन बिनउपयोगाचे, यावर दोघांचे एकमत झाले आणि काफी आली.

शेवटचा पाठ कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एका नवपदवीधराने यंत्राकडून क्षणार्धात एका पुरवठादारास उत्तर लिहवून घेतले. भाषा गुळगुळीत, विनय अपार आणि आधारास जीएसटीच्या कायद्याचे एक कलमही दिलेले. सर्वांनी माना डोलावल्या. रायरांनी चष्मा पुसून एवढेच विचारले, ‘कलम दाखव.’ कायद्याचे पुस्तक आणवले गेले. ते कलम त्यात नव्हते. यंत्राला तसे कळवताच त्याने मनःपूर्वक क्षमा मागून दुसरे कलम दिले, आणि तेही नव्हते. इतक्या प्रसन्न चित्ताने चुकणारा सहायक आपल्या साऱ्या नोकरीत पाहिला नाही, असा अभिप्राय रायरांनी नोंदवला. मात्र मसुदा त्याने करावा आणि ताळा आपण पाहावा, अशी वाटणी त्यांनी मंजूर केली.

दाखले सर्वांना मिळाले. त्यांची मुदत एका वर्षाची आहे. रायर मे महिन्यात सेवानिवृत्त झाले आणि कंपनीने त्यांना पुढील वर्गात ‘पत्राची शहानिशा’ या विषयावर मानधनासह व्याख्यान देण्याची विनंती ईमेलने केली. रायरांनी उलटटपाली कळवले की, सदर ईमेल मिळाली. तथापि जावक क्रमांक, सहीशिक्का आणि मानधनाच्या मंजुरीचा हवाला यांसह रीतसर नियुक्तिपत्र आल्यावाचून येणे होणार नाही. कंपनीने सही करण्याची तयारी दर्शवली आहे, क्रमांकही काढला आहे; परंतु शिक्का गेल्याच वर्षी कालबाह्य म्हणून भंगारात काढण्यात आल्याने प्रकरण तूर्त विचाराधीन आहे.