मायसेल्फ, वरवट बकाल

शेगाव मागे टाकून खिरोड्याच्या पुलावर पूर्णा ओलांडली की समोर सातपुड्याची निळसर रेघ उमटते, दोन्ही बाजूंना कापूस नि तूर सुरू होते, आणि थोड्या वेळात वरवट बकाल येतं. संग्रामपूर तालुक्यातल्या या गावात एक तरुण हटकून भेटतो. पदवी झालेली, बायोडाट्याच्या दहा झेरॉक्स प्लास्टिकच्या फाइलीत, पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट मोबाइलमध्ये, आणि ओठ हलताहेत. जप चाललाय असं लांबून वाटतं. तो जप नसतो, इंटरव्ह्यूची तयारी असते. या तरुणाची नावं अनेक असली तरी जात एकच, म्हणून त्याला सोयीसाठी मायसेल्फ म्हणू. खुर्चीत बसल्यावर ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ असं कानावर पडलं की त्याच्या तोंडून बाहेर पडणारा पहिला शब्द हाच असतो, आणि त्याच्यावर हसण्याची सुरुवातही याच शब्दापासून होते. शहरातले इंग्रजीचे क्लासवाले सांगतात की ‘मायसेल्फ’ने वाक्य सुरू करणं चूक, ‘आय ॲम’ म्हणावं. व्याकरणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण चूक कुठून आली हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

पहिली-दुसरीच्या इंग्रजीच्या वहीत एक दहा ओळींचा निबंध असतो. त्याचं शीर्षकच ‘मायसेल्फ’. खाली नाव, वय, शाळा; मग माय फादर इज अ फार्मर, माय मदर इज अ हाउसवाइफ. पोर उभं राहून आधी शीर्षक म्हणतं, मग श्वास घेऊन पुढच्या ओळी. पंधरा वर्षांनी हिंजवडीच्या एसी खोलीत तेच पोर टाय लावून तोच निबंध म्हणत असतं, फक्त वयाच्या ठिकाणी पर्सेंटेज आलेली असते. ‘मायसेल्फ’ ही त्याची व्याकरणाची चूक नसून तो शीर्षक वाचून दाखवत असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आज मुलाखतीला जाणारा हा गडी अक्षरओळखीपासून इंग्रजी शिकलेला आहे. त्याच्या काकाने तर्खडकरांच्या पाठमालेची पानं चाळली असतील, थोरल्या भावाने रॅपिडेक्सची. याला तर घरबसल्या मोबाइलवर हवे तेवढे मास्तर. तरीही हा दहा ओळींच्या बाहेर पडत नाही, म्हणजे तुटवडा इंग्रजीचा नाही, दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

त्या दहा ओळी एकदा नीट ऐकाव्यात. आय बिलाँग टू अ मिडल क्लास फॅमिली. मग तो हाउसवाइफ. ही हाउसवाइफ पहाटे पाचला चूल पेटवते, आठाला डबा बांधून वावरात असते. जूनमध्ये सरकी टोबते, पावसाळाभर निंदते, दिवाळीपासून कमरेला ओटी बांधून कापूस वेचते, आणि वेचणीच्या बायांचा हिशेब तोंडी ठेवते. मुलाखतीतलं पहिलं असत्य असं स्वतःबद्दल नव्हे, आईबद्दल निघतं, आणि तेही कुठल्याही कपटाशिवाय. पुढे माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क, आय ॲम अ क्विक लर्नर, आय कॅन वर्क इंडिव्हिज्युअली ॲज वेल ॲज इन अ टीम. यातला ‘ॲज वेल ॲज’ एवढ्या वेगात येतो की एकट्याने काम करायचं की टोळीने, हे ऐकणाऱ्याला कळेपर्यंत गाडी हॉबीजवर पोचलेली असते. आणि बायोडाट्याच्या तळाशी ती सुप्रसिद्ध शपथ: वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. वरती स्वतःचं नाव, जन्मतारीख आणि बापाचा व्यवसाय! ‘माझ्या माहितीप्रमाणे माझं नाव अमुक आहे’ असं लिहून सही करणारा माणूस सावध तरी म्हणावा, नाही तर तत्त्वज्ञ. गाव मात्र तो लिहीत नाही, नुसतं बुलढाणा डिस्ट्रिक्ट लिहितो. ‘बकाल’ ऐकून पुणेकराच्या नजरेसमोर गटारं येतील ही त्याला धास्ती. खरं तर बकाल हा अरबी-फारसीतून मराठीत उतरलेला शब्द, अर्थ किराणेवाला वाणी. पण हे सांगायचं तर स्वतःच्या गावाबद्दल चार वाक्यं बोलावी लागतील, आणि निबंधात ती नाहीत.

माझं म्हणणं असं, की मायसेल्फ अडतो तो इंग्रजीपाशी नाही, ‘सेल्फ’पाशी अडतो. आपल्याकडे स्वतःबद्दल चांगलं बोलायचं काम स्वतःकडे कधी नव्हतंच. रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं मांडली, त्यात आत्मस्तुतीला मानाची जागा आहे. लग्नाच्या बायोडाट्यात ‘स्वभाव मनमिळाऊ’ असतं, पण ते मामा लिहितो. सत्कारात गुण अध्यक्ष सांगतात, सत्कारमूर्ती मान खाली घालून शालीच्या गोंड्यांशी खेळते. उरलेले गुण शोकसभेत. माणूस हजर असताना त्याच्याच तोंडून त्याचे गुण ऐकण्याची सोय मराठीत नाही; वरवटच्या पारावर कुणी ‘मी फार मेहनती आहे’ म्हणाला, तर ‘लय शहाना झाला का बे, सोताचीच आरती ओवाळून राहिला’ हे उत्तर रोख मिळेल. हीच आरती इंग्रजीत ओवाळता येते, कारण इंग्रजीत ती ऐकायला आत्या नसते. हार्डवर्किंग, डेडिकेटेड, पंक्च्युअल हे शब्द भाड्याच्या कोटासारखे असतात. लग्नापुरते घालायचे, खिशात काय आहे ते पाहायचं नाही, आणि डाग न पाडता परत करायचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. नोकरी देणाऱ्याची भाषा इंग्रजी आहे, गावच्या पोराने ती बोलावी की तुम्ही त्याला वऱ्हाडी अस्मितेचं लोणचं घालणार? मुळीच नाही, त्याने बोलावीच. वाघिणीचं दूध म्हणून आपण तिची आरती केल्याला शतक उलटून गेलं, आता दूध नासलंय म्हणण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पाठ केलेल्या वाक्यांनी निदान तोंड तरी उघडतं. हे मान्य करायलाच हवं. ज्या घरात इंग्रजीत कुणी हाकसुद्धा मारलेली नाही, तिथून आलेल्या मुलाला ही वाक्यं पांगुळगाड्यासारखी असतात, त्यांच्या आधारानेच तो खोलीच्या दारातून आत जातो. तक्रार इतकीच की हा पांगुळगाडा कुणी काढून घेत नाही. क्लासवाला का काढेल? त्याच्या बॅचमधले चाळीसच्या चाळीस क्विक लर्नर एकाच साच्यातून पडतात, आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडमना सकाळपासूनचा सतरावा क्विक लर्नर ऐकताना जांभई दाबावी लागते. तिसरा आक्षेप, शहरातली मुलंही हेच करतात. करतात की. त्यांच्या बढाईला पॉलिश असतं, याच्या बढाईचा रंग ओला असतो; हात लावला की बोटाला लागतो.

आता या मुलाला जे रोज दिसतं तेच घेऊ. कापसाची ट्रॉली जिनिंगच्या आवारात उभी राहते. ग्रेडर येतो. तो वरचा पांढराशुभ्र थर पाहून काही बोलत नाही. शर्टाची बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातून मूठभर कापूस ओढून काढतो, सरकीपासून झुबका सोडवतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलके ताणतो आणि धाग्याची लांबी डोळ्यांजवळ नेऊन बघतो. मग ओलाव्याचं यंत्र खुपसतो. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, हिशेब असा, की ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर गेलं की ट्रॉली परत. शेतकरी बाजूला उभा असतो. ‘माल एक नंबर हाय साहेब’ हे तोही म्हणून पाहतो, पण त्या वाक्याने भाव पाच रुपयांनी हललेला कुणी पाहिलेला नाही. मायसेल्फ लहानपणापासून हे बघत आलाय. विशेषणाला भाव नाही, तळातल्या मुठीला आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि स्वतःची ट्रॉली घेऊन हा हिंजवडीला जातो तेव्हा तळाची मूठ झाकून वरच्या थरावर ‘एक नंबर’ अशी इंग्रजी पाटी लावतो.

तळात काय असतं? शेतीपंपाची लाइन आळीपाळीने येते, त्यामुळे रात्री दोनला उठून, बॅटरी दातात धरून, साप-विंचवाला चुकवत ओलीत केलेलं असतं. जळालेल्या मोटरीचा कोणता भाग घरी बसवायचा आणि कोणत्यासाठी वायंडिंगवाल्याकडे जायचं, हे कळत असतं. गणपती मंडळाची वर्गणी पैशापैशाने जुळवलेली असते, आणि ज्याने मंडळाचा हिशेब गावासमोर जुळवला त्याला कुठल्याही ऑडिटरची भीती वाटायचं कारण नाही. शेगावच्या संस्थानात पाळीने सेवेला जाऊन, येणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणत रांग पुढे सरकवलेली असते. गर्दीशी न चिडता बोलणं याला कंपन्या कस्टमर हँडलिंग म्हणतात आणि त्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग ठेवतात. पण हे मुलाखतीत सांगायचं असतं हेच त्याच्या गावी नसतं. सेवा सांगितली की पुण्य संपलं, आणि मोटर काय, ती तर सगळेच दुरुस्त करतात.

इथे चौथा आणि खरा आक्षेप उभा राहतो. हे सांगणं म्हणजेही फुशारकीच की! मग रामदासांचं काय? उत्तर मराठीच्या व्याकरणातच पडलेलं आहे. ‘मी मेहनती आहे’ या वाक्यात क्रियापद ‘मी’ला धरून उभं असतं. पण ‘मी मोटर दुरुस्त केली’, ‘मी हिशेब ठेवला’, ‘मी ओलीत केलं’ ही वाक्यं पाहा. केली, ठेवला, केलं, ही रूपं मोटरीकडे, हिशेबाकडे, ओलिताकडे बघून बदलतात. ‘मी’ मुलगा असो की मुलगी, त्यांना पत्ताच नाही. शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून दोन गुणांसाठी घोकलेली ही गोष्ट म्हणजे खरं तर स्वतःबद्दल बोलण्याची मराठीने करून दिलेली सभ्य सोय आहे: कर्त्याने वाक्यात हजर राहावं, पण क्रियापद कामाच्या मागे चालावं. इंग्रजीत क्रियापद असं कामाच्या मागे चालत नसलं तरी माल तोच पोचतो. ‘आय ॲम हार्डवर्किंग’ला साक्षीदार लागतो, ‘आय रिपेअर्ड द पंप’ आपला साक्षीदार बरोबर घेऊन येतं. स्वतःबद्दल बोलायला उपयोगी अशी इंग्रजी वाक्यं कोणती, असं कुणी विचारलंच, तर साधा भूतकाळ आणि शेजारी एखादा आकडा, इतकंच मला सुचतं.

विशेषणांऐवजी कामं सांगण्याची ही रीत जुनीच आहे. लिओनार्दो दा विंची १४८२ च्या सुमारास नोकरी शोधत होता. मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेलं त्याचं पत्र पहिला बायोडाटा म्हणून मिरवलं जातं. त्यात टीम प्लेअर नाही. हलके पूल बांधीन, वेढ्यात खंदकाचं पाणी काढून टाकीन, तोफा करीन, पाणी एका जागेवरून दुसरीकडे नेईन अशी कामांची यादी आहे, चित्रकला अगदी शेवटी, आणि शंका असेल तर तुमच्या बागेत करून दाखवतो ही तयारी. फुशारकी भरपूर आहे, नाकारत नाही. पण ट्रॉलीत हात घाला म्हणणाऱ्याची फुशारकी आहे. पाणी एका जागेवरून दुसरीकडे नेणारा वरवटचा पोरगा मात्र तेवढंच वगळून हॉबीज सांगतो: लिसनिंग म्युझिक.

वीकनेसचा प्रश्न तर त्याला सणासारखा वाटायला हवा. स्वतःचे दोष देवापुढे मोकळेपणाने मांडण्याची कित्येक शतकांची वारकरी तालीम ज्या मुलखाला आहे, तिथल्या माणसाने एका दोषासाठी अडावं? पण क्लासमध्ये सांगितलेलं असतं की दोष असा सांगायचा, जो गुण वाटेल. म्हणून तो म्हणतो, आय ॲम अ परफेक्शनिस्ट, आणि हे म्हणताना शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात असतं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस, यावर ‘ॲट अ गुड पोझिशन’. सोयाबीनचा पाच महिन्यांनंतरचा भाव कुणी सांगू शकत नाही अशा घरातून आलेल्याला पाच वर्षांचं विचारणं हाच मुळात विनोद आहे, शिवाय विचारणाऱ्या मॅडम तोवर दोन कंपन्या बदललेल्या असतील. बरेचदा मॅडम वाशीमच्या निघतात. दोघंही वऱ्हाडातले, अर्धा तास एकमेकांशी इंग्रजीत जपून बोलतात, आणि शेवटी ‘तुम्ही कुठले?’ झाल्यावर दोघांच्याही खांद्यांवरचं ओझं उतरतं. अख्ख्या मुलाखतीतलं एकच वाक्य निखळ खरं असतं: रेडी टू रिलोकेट. ते खरं असण्यावाचून इलाज नसतो.

सगळं संपल्यावर त्या विचारतात, एनी क्वेश्चन्स? नो मॅम. प्रश्न त्याला नसतात असं नाही. रूमचं भाडं, रात्रपाळी, पीएफ, सगळं पोटात असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रॅव्हल्सने शेगावला उतरतो, तिथून वरवटला येतो, आणि चहाच्या टपरीवर कालची सगळी मुलाखत न अडखळता सांगतो. काचेची लिफ्ट, मॅडमचं वाशीम, परत येताना गाडीचा पट्टा तुटला तेव्हा ड्रायव्हरला याने तो कसा बसवून दिला, सगळं, आकड्यांसकट. ऐकणाऱ्यांपैकी एक म्हातारा कप खाली ठेवतो. गावात आलेल्या कुणालाही, तलाठी असो की पाव्हणा, जो प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत विचारला जातो तोच तो विचारतो.

‘पगार किती सांगतला बाप्पा?’

‘त्याईनं नाई सांगतला.’

‘मंग तू इचारला नाई?’

मायसेल्फ फाइलीतल्या उरलेल्या झेरॉक्स मोजायला लागतो. नऊ भरतात.