खताचा राजमार्ग

अमरावतीच्या सुशिक्षित कुटुंबांची पर्यावरणनिष्ठा वंदनीय आहे. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांची सालं ती घंटागाडीला अर्पण करतात, कडुनिंबाचा पाला अंगणातच पेटवतात आणि गुलाबासाठी नर्सरीतून गांडूळखताची पिशवी आणतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला सांगितलं. यांनी ओला गावाबाहेर धाडला, सुका आभाळात. वेगळेपणा आणखी तो कोणता? अकोल्यात कृषी विद्यापीठ असताना घरी खत करण्याचे प्रयोग करणं हा तज्ज्ञांचा अवमानच. आता अंगणभर फरशी बसवावी, म्हणजे मातीही पिशवीतूनच आणता येईल. २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांच्या जयंतीसाठी नवा खराटा आणला आहे. फोटोनंतर तो ओल्यात टाकायचा की सुक्यात, यासाठी कॉलनीने समिती नेमली आहे.