परिसराची गरज

परिसराला जे हवं तेच शिकवायचं, ही कम्युनिटी कॉलेजची कल्पना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास मोठ्या थाटात आणली. भायखळ्याला तिचं कसलं अप्रूप? व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये इथेच सुरू झाली. भोवती गिरण्यांची धुराडी, म्हणून वर्गात कापड आणि यंत्रं. १९२३ मध्ये संस्था माटुंग्याला गेली, पुढे वीरमाता जिजाबाईंचं नाव ल्याली, आणि आता तिची प्रवेशयादी पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो. गिरणगाव मात्र जागेवरच राहिलं. म्हणजे, गिरण्या सोडून.

आज इथल्या परिसराची गरज काय, असं कुणी प्रामाणिकपणे विचारलंच, तर अभ्यासक्रम तयार आहे. पहिल्या सत्रात टॉवरच्या फाटकावर वही भरणे आणि पाहुण्याचं आडनाव इंटरकॉमवर न अडखळता सांगणे. दुसरं सत्र जरा अवघड: आजोबांचं साचेखातं होतं त्याच जागी उभं राहून परक्याच्या गाडीला ‘येऊ द्या, येऊ द्या, बस्स’ म्हणणे. प्रात्यक्षिकाला लांब जायला नको. प्रमाणपत्रावर ‘कौशल्य’ सोनेरी अक्षरांत छापतील. पगाराचं कंत्राटदाराला विचारा.